द्राक्षबागेवरच्या बायांचा साक्षरता वर्ग: कधी, कुठे, कसा, आणि कुठे अडतं

प्रश्न: नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या वीस-बावीस बाया ऑगस्टपासून मार्चअखेरपर्यंत एकाच वस्तीवर राहतात. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं आहे. आम्ही तिघी पदवीपर्यंत शिकलेल्या, पण शिकवण्याचा अनुभव नाही. पुस्तक कोणतं घ्यावं, रोज किती वेळ द्यावा, आणि सरकारी परीक्षेला बसवावं का?

उत्तर: पुस्तकाचा विचार शेवटी करा. असे वर्ग पुस्तक चुकलं म्हणून बंद पडत नाहीत. बागेचं काम न बघता वेळापत्रक आखलं जातं, आणि अक्षरं ओळखू आली की वाचता आलं असं समजलं जातं, तिथे ते मोडतात. म्हणून सुरुवात कॅलेंडरपासून करू.

साक्षरता मोहिमांच्या काळापासून निरक्षर प्रौढासाठी साधारण २०० तासांचं गणित धरलं जातं. देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरं पाहता ते वाजवी आहे, त्याहून कमी तासांत कोणी शिकवून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस म्हणजे साडेसात तास. २०० तासांना २७ आठवडे लागतात. ऑगस्टच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत तुमच्याकडे ३४ आठवडे आहेत. वरचे सात आठवडे शिल्लक वाटतील, पण ते शिल्लक नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बाया भात-नागलीच्या सोंगणीला गावी जातात, तिथे दोन आठवडे गेले. नोव्हेंबर-डिसेंबरात डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) आणि विरळणी (घडातले जास्तीचे मणी कापणं) एकमेकांच्या पाठोपाठ येतात, तेव्हा पाचाऐवजी तीनच दिवस वर्ग भरेल. जानेवारीपासून काढणी सुरू झाली की गाडी भरायची असेल त्या रात्री कोणी येणार नाही. हे सगळं धरूनही २०० तास बसतात, पण ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा वाया घालवला तर बसत नाहीत. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आधीचे हे सहा-सात आठवडे तुमचं खरं भांडवल आहे. पायाभूत अक्षरांचा निम्म्याहून जास्त भाग याच काळात झाला पाहिजे.

विरळणीच्या आठवड्यांबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या, बाहेरच्या माणसाला ती सहज दिसत नाही. घड डोक्याच्या वर असतात. दिवसभर हात वर धरून कात्री चालवलेली बाई रात्री पेन्सिल धरते तेव्हा तिचा खांदा आणि मनगट थरथरत असतं. त्या दिवसांत लिहिणं दहा-पंधरा मिनिटांवर आणा आणि बाकीचा वेळ वाचन व तोंडी हिशोबाला द्या. लिहिण्याचा आग्रह धरला की ‘मला जमत नाही’ असं म्हणत याच आठवड्यांत गळती होते, आणि कारण मात्र ‘आवड नाही’ असं लावलं जातं.

वेळ रात्री आठ ते साडेनऊ. साडेसात चालत नाही, कारण भाकरी तव्यावर असते. नऊ चालत नाही, कारण पहाटे पाचला उठायचं असतं. दिवसभर राबलेल्यांनी रात्री शिकायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीचीच शाळा काढली होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर्ग घेण्याचा मोह होईल, बागायतदारही तेच सुचवेल. तो टाळा. ती सुट्टी पाठ टेकायची असते.

जागा, दिवा, मुलं आणि मालक

वस्तीपासून पाच मिनिटांच्या आत जागा हवी. अंधारात बांधावरून जावं लागलं तर तरुण मुली आणि लेकुरवाळ्या गळतात. पॅकहाऊसची शेड, अंगणवाडी, समाजमंदिर, काहीही चालेल. पहिलीच्या वर्गातले लहान बाक मात्र नकोत. सतरंजी आणि प्रत्येकीपुढे एक पाट किंवा उतरता लाकडी डेस्क ठेवा. मांडीवर वही ठेवून लिहिलं की अक्षर बिघडतं आणि मान धरते.

दिव्यांची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिथेच बरंच बिघडतं. मधोमध एकच बल्ब असला की प्रत्येकीच्या वहीवर तिच्याच डोक्याची सावली पडते. नऊ-दहा वॉटचे दोन एलईडी बल्ब लावा, तेही बसणाऱ्यांच्या डाव्या बाजूला थोडे मागे. वीज गेल्यावर तासभर चालणारे चार्जिंगचे बल्ब दोन तरी ठेवा. नाहीतर आठवड्यातला एक वर्ग अंधारातच जातो.

मुलं येणारच. दोन ते सहा वर्षांची पाच-सात मुलं वर्गात फिरत असतील तर आया अर्ध्या मनानेच बसतात. तुम्ही तिघी आहात, तर एकीने फक्त मुलं सांभाळायची आणि दोघींनी शिकवायचं, अशी आळीपाळी लावा. शिकवणाऱ्या एकीच्या वाट्याला दहा-अकरा बायांपेक्षा जास्त देऊ नका.

बागायतदार आणि मुकादम दोघांशीही आधी बोला, आणि दोन गोष्टी स्पष्ट ठरवा. जागा आणि वीज त्यांची, पण वर्गाचं हजेरीपत्रक तुमच्याकडे. ते मालकाकडे गेलं की कामाच्या हजेरीत आणि वर्गाच्या हजेरीत गल्लत होते, आणि बायांना वर्ग हे मालकाचंच आणखी एक काम वाटू लागतं. दुसरी गोष्ट, बाया आपापल्या कामाचे दिवस लिहायला शिकणार आहेत हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. नंतर कळलं तर तो डाव वाटतो. आधी सांगितलं तर बहुतेक बागायतदारांना ते सोयीचंच वाटतं, कारण हंगामाच्या शेवटी हिशोबावरून होणारी भांडणं त्यांनाही नको असतात.

पहिल्या आठवड्यात डोळे तपासा

‘मावशीच्या डोक्यात काही राहत नाही’ असं पंचेचाळिशीपुढच्या बाईबद्दल म्हटलं जातं, तेव्हा बरेचदा तिला जवळचं दिसत नसतं, एवढंच खरं असतं. लांबचं नीट दिसत असल्याने तिलाही ते कळत नाही. प्रत्येकीला सुई ओवायला द्या. सुई लांब धरत असेल किंवा लेकीला ओवायला सांगत असेल तर जवळचा चष्मा लागणार. ढोबळमानाने चाळिशीच्या सुरुवातीला अधिक एक, पन्नाशीच्या आसपास अधिक दीड ते दोन, साठीकडे अधिक अडीच असा नंबर असतो. तरी अंदाजाने चष्मे वाटू नका. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीचा दिवस विचारा आणि टोळीची सुट्टी असेल तेव्हा सगळ्यांना एकदमच न्या. मोतीबिंदू असेल तोही तिथेच कळेल. चष्मा येईपर्यंत त्या बाईंसाठी बोटभर उंचीची अक्षरं असलेली कार्डं वेगळी करा.

त्याच आठवड्यात प्रत्येकीची पाच मिनिटांची चाचपणी करा. ती एकटीची करा, चारचौघींसमोर नको. स्वतःचं नाव वाचता येतं का, दहा सुटी अक्षरं, पाच साधे शब्द, एक वाक्य, नोटा ओळखणं, दोन अंकी आकडे वाचणं, एवढं पुरे. बावीस बायांत तीन प्रकार निघतील. काहींना एकही अक्षर येत नसेल. काही दुसरी-तिसरीपर्यंत शाळेत जाऊन विसरलेल्या असतील. एक-दोघी अडखळत वाचणाऱ्या निघतील. विसरलेल्यांना शून्यावरच्या गटात बसवू नका. त्या दोन आठवड्यांत पुढे धावतात, उत्तरं ओरडतात आणि बाकीच्या गप्प होतात. त्यांचा वेगळा गट करा. त्यांना सहा-सात आठवड्यांची उजळणी पुरते, आणि पुढे त्यांच्यातलीच एखादी तुमची मदतनीस होते.

सासू आणि सून एकाच वर्गात असतील तर वेगवेगळ्या गटांत बसवा. सुनेसमोर चुकण्याची लाज फार मोठी असते.

अ आ इ ई ने सुरुवात करू नका

वर्णमाला क्रमाने शिकवली तर महिनाभर एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. प्रौढ माणूस महिनाभर थांबत नाही. त्याऐवजी चार अक्षरं आणि एक मात्रा असा गट घ्या, ज्यातून लगेच शब्द बनतील.

पहिला गट: क, म, न, व आणि काना. एवढ्यात काम, नाव, मका, नाक, कान, नाका, मामा, काका, नवा, कमवा इतके शब्द होतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी बाई ‘नवा मका’ असे दोन शब्द जोडून वाचते. ते तिने स्वतः वाचलेलं असतं, पाठ केलेलं नसतं.

दुसऱ्या गटात र, ग, स, ल घ्या. गाव, रान, वावर, नगर, सरकार, कामगार. ‘कामगार’ हा चार अक्षरांचा शब्द दुसऱ्याच आठवड्यात वाचता येणं ही वर्गासाठी मोठी घटना असते. तो फळ्यावर आठवडाभर राहू द्या.

तिसऱ्यात प, द, ह, ज आणि दुसरी वेलांटी. पगार, कागद, हजर, सही, जमीन, नदी. पुढे उकार आले की मजुरी आणि मजूर, पहिली वेलांटी आणि ‘श’ आले की नाशिक आणि दिवस. आठवड्याला एक गट या गतीने नऊ-दहा आठवड्यांत सगळी साधी अक्षरं आणि मात्रा होतात.

बायांना पहिल्याच दिवशी ‘द्राक्ष’ लिहायला हवं असतं. हा शब्द म्हणजे दोन जोडाक्षरं, आणि ‘द्र’मधला र तर ओळखूही येत नाही. तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, अख्खा शब्द चित्रासारखा ओळखू द्या, पण फोडून शिकवायला घेऊ नका. तोवर बाग, घड, काडी हे शब्द आहेतच.

जोडाक्षरं बाराखडीसारखी रांगेत शिकवायची नाहीत. ज्या कागदांशी गाठ पडते त्यातूनच ती उचला: रक्कम, शिल्लक, हप्ता, व्याज, कर्ज, खर्च. ‘र’ची चार रूपं हा स्वतंत्र आठवडा आहे. कर्जातला रफार वर असतो, पण उच्चार आधी येतो, आणि बाया तो नंतर वाचतात. कर्ज, खर्च, वर्ष हे शब्द ओळीने घ्या. मग ग्राम, प्रत, द्राक्ष. मग ट्रक आणि ट्रॅक्टर. शेवटी ‘दुसऱ्या, तिसऱ्या, वाऱ्या’ यांतला ऱ्य. पहिल्या रूपाची सवय होण्याआधी दुसरं दाखवलं की सगळ्यांची सरमिसळ होते.

पेठ-सुरगाण्याच्या बायांची घरची बोली कोकणा किंवा वारली असू शकते, आणि पुस्तकी मराठी त्यांना थोडी परकी असते. कळवण-बागलाणकडच्या असतील तर अहिराणीही येईल. एखादीने लिहिलेला शब्द बोलीत उच्चारला तर ती चूक नाही. अर्थ बरोबर असेल तर वाचन बरोबर. सुरुवातीचे काही दिवस नवा शब्द फळ्यावर आला की ‘तुमच्याकडे याला काय म्हणता’ असं विचारा. उच्चार सुधारत बसलात तर बाया बोलायच्याच बंद होतील, आणि न बोलणाऱ्या वर्गात वाचन शिकवता येत नाही.

वेग

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हीच. क, म, न ओळखता येणं म्हणजे वाचता येणं नव्हे. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी आणि काही सेकंदच टिकतात. बाईला एक शब्द लावायला पाच सेकंद लागले तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. ती प्रत्येक अक्षर बरोबर उच्चारते, पण काय वाचलं विचारलं तर सांगता येत नाही. यालाच आपण चुकून ‘समज कमी’ म्हणतो. लहान मुलाचा डोळा वर्षभरात अक्षरांना सरावतो. चाळिशीनंतर हा सराव आपोआप होत नाही, तो मुद्दाम द्यावा लागतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. झालेल्या अक्षरांचे ४० चौकोनांचे तक्ते करा, क्रम दरवेळी वेगळा. रोज वर्गाच्या सुरुवातीला तीन मिनिटं जोडीने वाचायचं, एक वाचते आणि दुसरी मोबाइलवर वेळ लावते. ४० अक्षरं एका मिनिटात बिनचूक आली की पुढचा गट. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणींना मिनिटाहून जास्त वेळ लागत असेल तर नवी अक्षरं थांबवा, मग वेळापत्रक एक आठवडा मागे पडलं तरी चालेल. अक्षरांनंतर शब्दांचे तक्ते, मग छोटे परिच्छेद. हंगामाच्या शेवटी साध्या मजकुराचे मिनिटाला ४५ शब्द हे लक्ष्य ठेवा. तिथे पोचलेली बाई वर्ग संपल्यावरही वाचत राहते, कारण वाचलेलं तिला कळतं. मिनिटाला पंधरा शब्दांवर थांबलेली बाई दोन पावसाळ्यांत सगळं विसरते.

एक फसगत ओळखून ठेवा. धडा चार वेळा सामूहिक म्हटला की तो पाठ होतो, बोट ओळीवरून फिरतं आणि आवाज खणखणीत येतो. ते वाचन आहे की पाठांतर, हे कळायला धड्यातले शब्द उलट्या क्रमाने दाखवा किंवा तीच अक्षरं घेऊन नवा शब्द बनवा. ‘कामगार’ वाचणाऱ्या बाईला ‘गार काम’ वाचता आलं पाहिजे. म्हणूनच सामूहिक म्हणणं कमी करा.

वही, पेन्सिल, सही

पाटी देऊ नका. स्वस्त असली तरी ती लेकरांची वस्तू आहे, आणि बायांच्या मनाला ते लागतं. पहिल्या दिवसापासून दुरेघी वही द्या. पेन्सिल गडद उमटणारी, दोन-बीची. हातात घट्टे असलेल्या बायांची पकड जोराची असते, फिक्या पेन्सिलीने त्या कागद फाडतात. पेन्सिलीवर चिंधी गुंडाळून जाडी वाढवली की बोटं सैल पडतात. पहिले तीन-चार दिवस फक्त उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल आणि अर्धगोल. रांगोळी काढणाऱ्या किंवा भिंतीवर वारली चित्रं काढणाऱ्या बायांचा हात या बाबतीत आधीच तयार असतो. त्यांना तसं सांगा, कारण ‘आपला हात लिहायचा नाही’ हा समज मोडणं हे निम्मं काम आहे.

सही सगळ्यांना आधी हवी असते, आणि ती द्यावीच. पण सहीवर थांबलेले वर्ग फार आहेत. नाव गिरवून गिरवून चित्रासारखं पाठ होतं आणि त्यातलं एकही अक्षर दुसरीकडे ओळखू येत नाही. म्हणून सही शिकवतानाच तिच्या नावातली अक्षरं सुटी करून कार्डांवर द्या. वर्गाच्या हजेरीपत्रकावर रोज तिनेच सही करायची. वीस सह्या एकसारख्या आल्याशिवाय बँकेत जायची घाई नको. खातं अंगठ्यावर उघडलेलं असेल तर आधी शाखेत अर्ज, फोटो आणि ओळखपत्र देऊन सहीचा नमुना नोंदवावा लागतो. तसं न करता पैसे काढायच्या चिठ्ठीवर थेट सही केली तर चिठ्ठी परत येते, आणि चार लोकांसमोर परत आलेली चिठ्ठी वर्गाचं महिनाभराचं काम पुसून टाकते.

हिशोब त्यांना येतो, लिहायला येत नाही

ज्या बाईला निरक्षर म्हणतो ती टोळीची उचल, खाडे आणि अर्धे दिवस तोंडी धरून हिशोब करते. तिला बेरीज शिकवायला जाऊ नका. तिचा हिशोब कागदावर कसा दिसतो ते दाखवा.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच म्हणतो, म्हणून ऐकून लिहिताना ५२ लिहिलं जातं. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. पंचवीस म्हणजे दोन नोटा डावीकडे, पाच नाणी उजवीकडे. नोटांच्या खाली आकडा लिहायचा, मग नाण्यांच्या खाली. आठवडाभर हेच. दुसरी अडचण अंकांच्या दोन लिप्यांची. पुस्तकात मराठी अंक, तर मोबाइल आणि काट्यावर इंग्रजी. आपला १ आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळचे, आपला ४ आणि इंग्रजी आठही तसेच. दोन्ही एकदम शिकवले की गोंधळ होतो. मोबाइलमुळे इंग्रजी अंक बऱ्याच जणींना अर्धेमुर्धे येत असतात. ते आधी पक्के करा, मराठी अंक महिनाभराने आणा.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द, म्हणजे अपूर्णांक आधीच तयार आहेत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाव किलो ०.२५० दिसतो, सव्वा १.२५०, अडीच २.५००. फसवणूक होते ती १.०५० आणि १.५०० मध्ये. यावर एक पूर्ण वर्ग द्या. किराणा दुकानाच्या काट्यासमोर उभं राहून केला तर जास्त चांगलं.

रोजनिशी दुसऱ्या महिन्यापासून सुरू करा. खिशातल्या छोट्या डायरीत तीन रकाने: तारीख, दिवस, उचल. पूर्ण दिवसाला ‘पू’, अर्ध्याला ‘अ’, खाड्याला फुली. समजा रोज ४०० रुपये आहे, आठवड्यात पाच पूर्ण आणि एक अर्धा दिवस भरला, तर साडेपाच दिवसांचे २,२०० होतात. ५०० उचल घेतली असेल तर हातात १,७०० यायला हवेत. उक्त्या कामाचं गणित वेगळं. समजा एकराची विरळणी १८,००० ला ठरली आणि टोळीत बारा जणी, तर एकीला १,५००. हे उदाहरण भागाकारासाठी घ्याच, शिवाय ‘काम आधी किती ठरलं होतं’ हे लिहून ठेवण्याची सवय लागते. शिकलेलं टिकवण्यात या डायरीइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

जिच्या घरी थोडा कांदा असेल तिला बाजार समितीची हिशोबपट्टी वाचायला शिकवा. १८ क्विंटल ४० किलो, भाव १,२५० रुपये क्विंटल, तर रक्कम २३,०००. मग त्यातून हमाली, तोलाई वजा. वर्तमानपत्रातल्या बाजारभावात लासलगाव, पिंपळगावच्या ओळी असतात: आवक, किमान, कमाल, सरासरी. चार शब्द आणि चार आकडे. कोष्टक वाचायला शिकण्यासाठी याहून चांगलं पान सापडायचं नाही.

औषधाची बाटली

द्राक्षबागेवर हा धडा सक्तीचा समजा. कीटकनाशकाच्या लेबलवर चौकोन उभ्या कोनावर काढलेला असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. रंग पहिल्याच महिन्यात शिकवा, त्याला अक्षरं लागत नाहीत. विष, मात्रा, मिली, लिटर हे शब्द पुढे येतील. लिटरला २ मिली तर २०० लिटरच्या टाकीला ४०० मिली, हा गुणाकार घ्या. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरायचं नाही, हेही लेबल वाचता वाचताच सांगायचं. वेगळं प्रवचन दिलं तर ते कानावरून जातं.

मोबाइलवरचे बँकेचे मेसेज बहुतेक इंग्रजीत येतात. इंग्रजी शिकवत बसायची गरज नाही. ‘क्रेडिटेड’ आणि ‘डेबिटेड’ हे दोन शब्द, रुपयाची खूण आणि ‘ओटीपी’ची तीन अक्षरं चित्रासारखी ओळखू आली की पैसे आले की गेले ते कळतं. लाडक्या बहिणीच्या हप्त्यामुळे आता जवळजवळ प्रत्येकीला या मेसेजची गरज आहे, त्यामुळे हा वर्ग कोणी चुकवत नाही. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, हे दर आठवड्याला पुन्हा म्हणा.

परीक्षा

बसवा. केंद्राचा ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि १५ वर्षांवरच्या कोणालाही खुला आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शिकणाऱ्या बायांची आणि स्वयंसेवक म्हणून तुमची नोंद उल्लास ॲपवर शाळेमार्फत होते. मानधन नसतं. चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के हवेत. राज्यात ती १७ मार्च २०२४ ला झाली होती. पुढची तारीख शाळेतूनच कळेल. मार्चमध्ये आली तर काढणीच्या ऐन गर्दीत येते, म्हणून बागायतदाराशी त्या दिवसाबद्दल जानेवारीतच बोलून ठेवा.

पुस्तक कोणतं, हा तुमचा प्रश्न इथे सुटतो. उल्लासची प्रवेशिका, म्हणजे त्यांचं पहिलं पुस्तक, शाळेतून घ्या आणि ती चौथ्या महिन्यापासून वापरा, तोवर वरचे गट आणि तुमची कार्डं पुरतात. चाचणीच्या आधी तीन आठवडे प्रश्नपत्रिकेची सवय करा. रिकामी जागा भरा, जोड्या लावा, चित्र पाहून शब्द लिहा, हे प्रकार प्रौढांना अनोळखी असतात. उत्तर येत असूनही ते कुठे लिहायचं हे कळत नाही. संख्याज्ञानात तोंडी पक्क्या असलेल्या बायाच गुण गमावतात, कारण मांडणी दाखवायची सवय नसते. आणि कोणाच्याही वतीने उत्तर लिहू नका. त्या दिवशी शेजारी उभं राहून ‘मदत’ करणारे पुष्कळ भेटतील. ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा आला तर पुढच्या वेळी पुन्हा बसता येतं, पण न येणाऱ्या गोष्टीचं प्रमाणपत्र हातात आलं की बाई पुन्हा वर्गाला येत नाही.

ज्या दोघी-तिघी पुढे धावतील त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेचे मुक्त पायाभूत शिक्षणाचे तीन टप्पे आहेत, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष. पाचवी झाली की सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण ते सगळं नंतरचं, आत्ता त्याची स्वप्नं वर्गात वाटू नका.

एप्रिलमध्ये

बाया गावी परततील, आणि जे कमावलं ते जूनपर्यंत अर्धं निसटू शकतं. निघण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकीला एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड द्या. त्यावर तिचा वाचनाचा वेग, पक्की झालेली अक्षरं, कच्ची राहिलेली जोडाक्षरं आणि डायरीतलं शेवटचं पान कोणतं, ते लिहा. एका गावच्या किंवा शेजारच्या पाड्यांवरच्या तीन-चार जणींचे गट पाडा आणि त्यातल्या सर्वांत पुढच्या बाईला शब्दांचे आणि परिच्छेदांचे तक्ते द्या. आठवड्यातून एकदा, बचत गटाच्या बैठकीला जोडून अर्धा तास वाचायचं. पेठ आणि सुरगाण्याच्या त्या पाड्यांवरच्या शाळेच्या गुरुजींना फोन करून नावं कळवा. पुढच्या ऑगस्टमध्ये परतल्यावर पहिल्या दिवशी त्याच कार्डावरून ४० चौकोनांचा तक्ता पुन्हा वाचून घ्या, म्हणजे कुठून सुरू करायचं ते लगेच कळेल.